दुपट्याला लागलेला वास

आमच्या लहानपणी पोर्ट वाईन ही दारू नव्हतीच, ते बाळंतिणीचं टॉनिक होतं. ज्या घरात दारूचं नाव काढलं तर आजोबा भरल्या ताटावरून उठतील, त्या घरातही कपाटात ग्राइप वॉटरच्या शेजारी ती बाटली गुमान उभी असायची, आणि अशक्त सुनेला झोपताना दोन चमचे मिळायचे. शक्ती येते म्हणायचे. कुणाला किती शक्ती आली देव जाणे, पण सुना ते औषध कधी चुकवत नसत एवढं मला आठवतं.

म्हणूनच की काय, आमच्या कंपनीत पोर्टचं काम आलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं. माझ्या घरात दादा होता.

आधी कंपनीचं सांगते. डोंबिवलीत मानपाड्याकडच्या एमआयडीसीत आम्ही फ्लेवर बनवतो. आंब्याच्या गोळीत जो आंबा नसतो आणि खोकल्याच्या औषधात जी चेरी नसते, ती आमची. माझं काम चव घेण्याचं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे बाईची. प्रत्यक्षात दिवसभर छोट्या ग्लासांत नाक खुपसून बसायचं आणि तोंडात घेतलेलं कागदी कपात थुंकायचं. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी 'क्वालिटीत आहे' म्हणून विषय बदलते. थुंकण्याचा पगार घेते असं कोण सांगेल? या नोकरीचं सोवळंओवळं मात्र कडक असतं. पॅनलच्या दिवशी, म्हणजे आम्ही सगळ्याजणी मिळून चवी घ्यायच्या दिवशी, वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही, गजरा नाही, डब्यात लसूण नाही. सकाळी घरात उदबत्तीसुद्धा लावायची नाही. आमच्या देवाला आता माझ्या नोकरीची सवय झाली आहे.

चॉकलेट बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला आत भरण्यासाठी पोर्टची चव हवी होती, पण दारूचा थेंब नको होता. नक्कल करायची तर अस्सल काय ते आधी ओळखायला हवं. म्हणून साहेबांनी रीतसर परवाने काढून बाहेरच्या देशांतल्या बाटल्या मागवल्या आणि आम्हा पाचसहाजणींना लाल दिव्यांच्या खोलीत बसवलं. लाल दिवा अशासाठी की रंग दिसू नये. रंग दिसला की जीभ ऐकत नाही, डोळ्याचंच खरं मानते. पॅनलमधल्या एकीचा गुरुवार होता. ती म्हणाली, "मी आज नुसता वास घेते, जिभेचं उद्या बघू." साहेबांनी मान डोलावली. गुरुवार हा आमच्या कंपनीत मान्यताप्राप्त अडथळा आहे.

साहेबांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. पोर्ट करताना द्राक्षाचा रस आंबत असतानाच मध्येच त्यात ब्रँडीसारखी कडक दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं, न आंबलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोड, आणि म्हणूनच साध्या वाईनपेक्षा जोरदार. शेरी नावाची दुसरी एक असते, तिच्यात ही भर मागाहून घालतात, साखर संपून गेल्यावर, म्हणून ती कोरडी. ऐकताना मला कपाटातली ती बाटली आठवली. आपल्याकडच्या साध्याभोळ्या सुनांना घरच्यांनी इतकी वर्षं काय पाजलं ते कळून मला हसूही आलं.

मग चवी सुरू झाल्या. आमच्या तक्त्यावर छापील शब्द असतात, पण मी आधी मनात माझे घरचे शब्द लावते आणि मग त्यांचं भाषांतर करते. पहिली रूबी, म्हणजे लहान वयाची पोर्ट. नाकाला करवंदं आणि जांभळं, जिभेवर गोड, आणि मागून घसा किंचित तापवणारी. उत्साही, मोठ्याने बोलणारी. दुसरी कोरडी शेरी. तिला आंबायला ठेवलेल्या पिठाचा वास होता आणि चव सालासकट भिजवलेल्या बदामाची, वर खारटपणा. आमच्यातल्या एकीने तोंड वाकडं केलं. मडेरा नावाची एक होती, ती म्हणे मुद्दाम तापवून जुनी करतात. तिला किंचित करपलेल्या पाकाचा वास आणि वर कैरीची आंबट धार. मला ती आवडली. खरपूस मी कुठलंही खाते.

मग टॉनी आल्या. नाव ऐकून माणूस वाटतो, पण टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली पोर्ट. लाकडातून हवा आत जात राहते, लाल रंग विटत विटत चहासारखा होतो, ताज्या फळाची चव जाते आणि वाळल्या फळाची येते. दहा वर्षांच्या टॉनीत खारीक होती, काळ्या मनुका होत्या, संत्र्याची वाळकी साल होती. छान होती. ग्लास खाली ठेवून मी कपात थुंकले, पाणी प्यायले, दोन कुरमुरे चावले.

मग वीस वर्षांची आली.

ती मी हुंगली आणि पेन्सिल उचललीच नाही. आधी काकवी, मग अक्रोड, मग आमच्या आईचं शिसवी कपाट उघडल्यावर येणारा वास, ज्यात जुन्या साड्या असायच्या आणि एका डबीत जायफळ. तोंडात घेतली तर जोर कुठे जाणवेना. सगळं एकमेकांत विरघळलेलं. जिभेवरून ती गेली तरी चव गेली नाही, बराच वेळ बसून राहिली, आणि तेवढ्या वेळात मला दुसरं काही नको होतं. मी थुंकले नाही, ती गिळली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी काही गिळलं ते पहिल्यांदा. घशातून ऊब खाली उतरली आणि तिच्या पाठोपाठ शरमही उतरली. ती शरम नियम मोडल्याची नव्हती. दादाला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आले होते: काय एवढं असतं रे त्यात? कधी ओरडून, कधी रडून, कधी नुसतं त्याच्याकडे बघून. त्या लाल दिव्याखाली मला उत्तर मिळालं, आणि ते इतकं सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. तरुणपणापासून प्यायचा. वहिनी मुलीला घेऊन ठाण्याला माहेरी गेली ती गेलीच. पुढे त्याची नोकरी गेली, मग तब्येत गेली, आणि मी त्याला माझ्याकडे डोंबिवलीला आणलं. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. पिण्याच्या काळात मी त्याच्यासाठी किती खोटं बोलले त्याला हिशेब नाही. पोट बिघडलंय, गावी गेलाय, फोन पडलाय. पुढे त्याने दारू सोडली, खरोखर सोडली, आणि आता कित्येक वर्षं तो कोरडा आहे. दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या गटाच्या सभेला जातो. घरात थेंब येणार नाही हे मी त्याला दवाखान्यातल्या खाटेपाशी कबूल केलं होतं, आणि आमच्याकडे नाताळचा केकसुद्धा आतलं साहित्य वाचल्याशिवाय येत नव्हता.

एक खोड मात्र राहिली होती. मधूनच त्याला वास यायचा. नसलेला वास. जेवताना, टीव्ही बघताना, काही कारण नसताना. गटातल्या एका जुन्या माणसाने त्याला सांगून ठेवलेलं, की असा वास आला की तो खोटा समजायचा. कुणाला विचारायचं नाही, उठायचं नाही, हात मांडीवर ठेवून बसायचं, येतो तसा जातो. दादा तसाच बसायचा. मला ते ओळखू यायचं आणि मी गप्प राहायचे. वास खोटा आहे या एका गोष्टीवर त्याचं सगळं तरलं होतं.

त्याच सुमारास त्याची मुलगी बाळंत झाली. माझी भाची घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहते. बापाशी तिचं बोलणं नव्हतं. माझ्याशी होतं, तेही जपून. बाळ महिन्याचं झाल्यावर तिने मला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आत्या, बाबांना सांग, रविवारी येऊन जा म्हणावं. बाळ बघायला." अट काही घातली नाही. घालायची गरज नव्हती.

दादाने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तो शिवायला बसला. आमच्या आईची दोन जुनी लुगडी माझ्याकडे होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. बाळाचं पहिलं दुपटं घरातल्या जुन्या माणसाच्या लुगड्याचं असावं, ही आमची कोकणातली रीत. शिवायचं काम खरं तर बायकांचं, म्हणजे माझं. पण दादा म्हणाला, मी करतो. चष्मा लावून, खिडकीत बसून, हाताने धावदोरा घालत होता. टाका वाकडा पडला की उसवून पुन्हा घालायचा. त्याचे हात एके काळी चहाची बशी धरू शकत नव्हते. आता टाका सरळ पडतोय हे तो बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "मशीनवर दहा मिनिटांत झालं असतं." तो म्हणायचा, "मग मशीनला आजोबा म्हणेल ते."

शुक्रवारी वीस वर्षांची टॉनी पुन्हा पॅनलवर आली. काम संपल्यावर उरलेलं सगळं सिंकमध्ये ओतायचं असतं आणि त्या दिवशी ओतायची पाळी माझी होती. रूबी ओतली, शेरी ओतली, मडेरा ओतली. टॉनीशी हात थांबला. मला ती एकदा लाल दिव्याशिवाय बघायची होती. घरी, उजेडात, काचेच्या वाटीत, कुणी तक्ता पुढे न ठेवता. सँपलच्या छोट्या काचेच्या बाटलीत मी थोडी भरली, बूच फिरवलं आणि पर्समध्ये टाकली. एवढीशी तर होती. असं मी मनात म्हटलंसुद्धा, आणि हे वाक्य मी दादाच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं ते मला तेव्हा आठवलं नाही.

शनिवारी दुपारी तो सभेला जाणार होता, तेव्हा घरात मी एकटी असणार होते. तोवर बाटली माझ्या खोलीतल्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. पण शनिवारी दादा गेलाच नाही. दुपट्याची एक कड राहिली होती. शेवटचा टाका घालून त्याने दोरा दातांनी तोडला, मी इस्त्री फिरवली, घडी घातली, आणि कपाटाच्या त्याच फळीवर ठेवली, जिथे जागा होती तिथे.

रविवारी सकाळी घाई झाली. डिंकाचे लाडू, बाळाला चांदीची वाटी, आणि ते दुपटं. मीच ते फळीवरून काढलं, घडी न उलगडता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर कापडी पिशवी केली. दादाने नवा शर्ट घातला होता. जिना उतरताना त्याने पिशवी छातीशी धरली होती.

तो गेल्यावर मी कपाट पुन्हा उघडलं. बाटली आडवी पडली होती, शनिवारी घडी ठेवताना माझाच धक्का लागला असणार. बूच नीट बसलं नव्हतं आणि आत काही उरलं नव्हतं. खालच्या साडीवर चहा सांडल्यासारखा डाग होता. मी साडी नाकाशी नेली. मला जवळजवळ काहीच वास आला नाही, म्हणून मला वाटलं, फार नाही सांडलं.

इथे मी थांबायला हवं होतं. नाकाची नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी शिकवतात की एकाच वासात बराच वेळ बसलं की नाक त्या वासापुरतं मरतं. कांद्याच्या वखारीतल्या माणसाला कांदा येत नाही. म्हणून आम्ही दर ग्लासानंतर बाहेरच्या हवेत जातो. आणि मी ती अख्खी रात्र त्या कपाटाच्या खोलीत, खिडकी लावून झोपले होते.

हे सगळं मला कळत होतं. फोन हातात होता. दादाला रिक्षातच गाठता आलं असतं, "परत फीर, दुपटं तसंच राहू दे" म्हणता आलं असतं. पण त्याने विचारलं असतं, का. आणि मला सांगावं लागलं असतं की घरात आणली होती, मी आणली होती, आणि तू सभेला गेलास की घेणार होते. फोन मी टेबलावर ठेवला. दुपट्याला लागलं नसेल, घडी वरच्या बाजूला होती, असं स्वतःला सांगितलं आणि साडी भिजत टाकली. तो ठाण्याला पोहोचेपर्यंत दोन तास तरी होते. त्या दोन तासांत मी घर झाडलं, पुसलं, वरण लावलं. या सगळ्यात बाटली आणल्याबद्दल मी स्वतःला माफ करेन कदाचित. पण तो न केलेला फोन मला सोडत नाही.

दादा संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. तो दुपारीच आला. लाडवांचा डबा तिकडे ठेवून आला होता, पिशवी परत आणली होती. म्हणाला, "बाळ झोपलेलं. उगाच कशाला उठवायचं." मग आंघोळीला गेला. सकाळी आंघोळ केलेली असताना.

तो आत असतानाच भाचीचा फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आत्या, बाबा परत सुरू झालेत का?"

"नाही गं. शपथ नाही."

"ते दारातून आत आले आणि मला वास आला. आधी वाटलं माझाच भास. मग त्यांनी ते दुपटं काढलं आणि बाळाला पांघरायला पुढे झाले. त्यातनंच येत होता. मी बाळाला नाही दिलं त्यांच्याकडे."

"अगं ती बाटली माझी होती. माझ्या कपाटात सांडली."

मग ती म्हणाली, "आत्या, तू नको. तू नेहमी हेच केलंस." आणि फोन ठेवला.

तिचं काही चुकलं नव्हतं. ज्या आत्याने बारा गावचं खोटं बोलून बापाला पाठीशी घातलं, ती एक दिवस खरं बोलली तर कुणी का विश्वास ठेवावा? लांडगा आला रे आला म्हणणारा गुराखी निदान लहान पोर होता. मी पन्नाशी ओलांडलेली बाई.

दादा बाहेर आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पॅनल, गिळणं, सिंकपाशी थांबलेला हात, कपाट, फोन न करणं. तो ओल्या केसांनी खुर्चीत बसून ऐकत होता. मला वाटलं आता तो चिडेल, आणि मला ते हवं होतं. तो म्हणाला, "म्हणजे खरंच येत होता?"

"काय?"

"वास. बस शीळच्या रस्त्याला अडकलेली, पिशवी मांडीवर. तेव्हापासनं येत होता मला. मी म्हटलं आलाय नेहमीचा. आजच यायचा होता. हात मांडीवर ठेवून बसलेलो. जाईल म्हटलं. जाईच ना. ठाण्याला उतरलो तरी आहे, घोडबंदरच्या बसमध्ये आहे. मला वाटलं, नातवंडाला बघायला निघालोय आणि माझं डोकं परत बिघडतंय." त्याने टॉवेलने मान पुसली. "तिच्याकडे गेलो तर तिने नाक असं केलं. तेव्हा तर मला वाटलं, माझ्या अंगालाच येतोय. न पिता."

"मग तू तिला सांगितलं का नाहीस, की मी प्यायलेलो नाही म्हणून?"

"कसं सांगणार? मलाच खात्री नव्हती."

तो चिडला नाही. चिडायची ताकद त्याने बसमध्येच वापरून टाकली होती. मी त्याच्यासमोर रडले. त्याने मला रडू दिलं आणि मग उठून वरणाखालचा गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दुपटं, डाग पडलेली साडी आणि रिकामी बाटली घेऊन घोडबंदर रोडला गेले. कापूरबावडीपासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. पिशवी माझ्या मांडीवर होती आणि रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्यामुळे माझं नाक आता जागं झालं होतं. वास येत होता. दादाला ज्या रस्त्यावर आला त्याच रस्त्यावर, तसाच. मी तो टाळला नाही.

भाचीने दार उघडलं, पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. बाळ आत झोपलेलं होतं. मी बाटली टेबलावर ठेवली. तिने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाटली कुणीही आणू शकतं, आत्या."

"बरोबर. बाटलीवर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावर तर अजिबातच नको. तुझ्या नाकावर ठेव."

ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. म्हणाली, "माझ्या नाकाचं तू मला सांगू नकोस. तुला पगार मिळतो. मला कुणी शिकवलं नाही. बाबा दारातून आत आले की मी अंथरुणात डोळे मिटून ओळखायचे. आत्ताची आहे, दुपारची आहे की कालची शिळी. शिळी असली तर काही होत नसे. आत्ताची असली की मी दप्तर पलंगाखाली सरकवायचे, कारण ते पुस्तकं फेकायचे. पगार झाल्यावरची वेगळी यायची, महिनाअखेरची वेगळी. महिनाअखेरची वाईट असायची, पेट्रोलसारखी."

मी लाल दिव्याखाली बसून दहा वर्षांची आणि वीस वर्षांची यांतला फरक सांगायचे आणि साहेब मला शाबासकी द्यायचे. या मुलीने माझ्या आधी, माझ्यापेक्षा कमी वयात, कुणी न सांगता हेच केलं होतं. कुणी थुंकायला कप दिला नव्हता. मी त्या काळात कुठे होते? मी फोनवर कुणाला तरी सांगत होते की त्याचं पोट बिघडलंय.

मी म्हटलं, "मग तसंच ओळख. एकदाच. डोळे मीट, एकदम खोल नको, छोटे छोटे श्वास घे. आणि दारू आहे का ते बघू नकोस, कुठली आहे ते बघ."

तिने पिशवीतून दुपटं काढलं आणि डागाची घडी नाकाशी नेली. डोळे मिटले. ती लहान असताना अंथरुणात कशी दिसत असेल ते मला दिसलं आणि मी मान वळवली.

"गोड आहे," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगलं. "मनुका. काहीतरी गुळासारखं. आणि लाकूड, जुनं." डोळे उघडून ती दुपट्याकडे बघत राहिली. "बाबांची अशी कधीच नव्हती."

"नव्हती."

"काल मी एवढं बघितलंच नाही. दारू कळली आणि संपलं." मग एकदम म्हणाली, "पण ते काहीच का बोलले नाहीत? नुसते उभे राहिले. चोरासारखे."

मी तिला त्या खोट्या वासाचं सांगितलं. गटातल्या माणसाने काय शिकवलं ते, हात मांडीवर ठेवून बसणं, आणि काल बसमध्ये काय झालं ते. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता दुपट्याचे टाके बोटाने चाचपत होती. सरळ होते सगळे. डागाच्या खालून गेलेले सुद्धा.

आत बाळ रडलं. ती उठली, जाताना दुपटं उचलून नेलं. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा बाळ खांद्यावर होतं आणि ओलं दुपटं हातात. डाग पूर्ण गेला नव्हता. तिने ते बाल्कनीत वाळत घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी पाठव त्यांना."

"मी येते घेऊन."

"नको. एकटेच येऊ देत."

माझ्यासाठी तिच्याकडे एवढंच होतं, आणि ते माझ्या लायकीपेक्षा जास्त होतं. बाळ मला तिने दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

दादा रविवारी गेला. संध्याकाळी उशिरा आला, आणि बाळाने त्याच्या नव्या शर्टावर दूध ओकलं होतं ते त्याने मला तीनदा दाखवलं. तो शर्ट त्याने दोन दिवस धुवायला टाकला नाही. आता तो महिन्यातून दोनदा जातो. भाची त्याला चहा देते आणि बाळ देते. फार बोलत नाही, पण देते. लोक म्हणतील, झालं की मग सगळं चांगलं. मीही माझ्या मनाला तसं सांगून बघितलं.

साहेबांना मी सांगितलं की या कामातून मला काढा. त्यांनी कारण विचारलं, मी पित्त म्हटलं. हे एक खोटं मी अजून बोलते. सध्या मी जिऱ्यावर आहे. चॉकलेट बाजारात आलं, चांगलं खपतं म्हणे. मी चाखलेलं नाही.

पण दादाला तो वास अजून येतो. पूर्वी आला की तो खोटा समजून बसून राहायचा. आता त्याला तसं बसता येत नाही, कारण एकदा तो खरा निघाला होता. त्याची हात मांडीवर ठेवून बसण्याची जागा मी त्याच्याकडून काढून घेतली. आता तो टीव्हीचा आवाज कमी करतो आणि स्वयंपाकघराकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारतो, "अगं, तुला येतोय का?"

मी हातातलं काम ठेवते, गॅस बंद करते, खिडकीशी जाऊन नाक मोकळं करून येते, आणि त्याच्याजवळ उभी राहून खरोखर हुंगते. "नाही दादा. काही नाही येत."

"मग ठीक," तो म्हणतो आणि डोळे मिटून बसतो. पूर्वी त्याला हे कुणाला विचारावं लागत नसे.